टीव्हीवरच्या रोबोट-लढती संपल्या, खेळ मात्र शाळेत सुरू होऊ शकतो



मागच्या पालकसभेला एका मुलाचे वडील सगळे गेल्यावर थांबले. म्हणाले, "मॅडम, आमचा पोरगा सुट्टी असली की मोबाईलवर रोबोटच्या मारामाऱ्या बघत बसतो. दोन यंत्रं एकमेकांना फोडतात, ठिणग्या उडतात आणि हा टाळ्या वाजवतो. काय मिळतं त्यातून? तुम्हीच समजवा त्याला." मी "बोलते त्याच्याशी" म्हणून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला गाठलं. "काय बघतोस रे एवढं?" तो आधी गप्प. मग हळूच म्हणाला, "मॅडम, काल एक भारी रोबोट हरला. उलटा पडला आणि मग चालेनाच."
"मग काय करायला हवं होतं?"
"चाकं बॉडीपेक्षा मोठी घ्यायची. म्हणजे उलटा पडला तरी पळतो. नाहीतर वरती एक दांडा लावायचा, परत सुलटा व्हायला."

खरं सांगते, मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. याच मुलाने चाचणीत गतिज ऊर्जेचा प्रश्न कोरा सोडला होता. आणि इथे तो न विचारता यंत्राचा दोष शोधत होता, त्यावर दोन उपाय सांगत होता! त्या रात्री मीही बघायला बसले. आठवडाभर बघितलं, वाचलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडते.

माझं मत आधीच सांगून टाकते. टीव्हीवर हा प्रकार दोनदा गाजला आणि दोनदा उतरला. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. टीव्हीने त्याला करमणूक म्हणून वाढवलं आणि करमणूक जुनी झाल्यावर सोडून दिलं. खेळ म्हणून तो जगणार असेल, तर शाळा-कॉलेजांच्या कार्यशाळेतच जगेल.

हा खेळ नेमका काय आहे?

दोन संघ, प्रत्येकाचा एक रोबोट. रिंगणाभोवती पॉलिकार्बोनेटची जाड पारदर्शक भिंत. चालक बाहेर रिमोट घेऊन उभे. लढत साधारण तीन मिनिटांची. एखादा रोबोट हलेनासा झाला आणि दहा अंक मोजेपर्यंतही हलला नाही, की तो बाद. दोघेही टिकले तर तीन परीक्षक निर्णय देतात. अमेरिकेतल्या 'बॅटलबॉट्स' स्पर्धेत अलीकडे प्रत्येक परीक्षकाच्या हातात ११ गुण असायचे: नुकसानीला ५, आक्रमकतेला ३ आणि नियंत्रणाला ३.

कुस्तीसारखे इथेही वजनगट आहेत. टीव्हीवर दिसायचा तो सगळ्यात मोठा गट, २५० पौंड म्हणजे सुमारे ११३ किलोचा. आणि ब्रिटनमध्ये सगळ्यात लोकप्रिय छोट्या गटाची मर्यादा किती, माहितीये? फक्त १५० ग्रॅम! सुरुवातीला तो रोबोट चार इंचांच्या चौकोनी डब्यात मावला पाहिजे. हा १५० ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टीव्हीने उचललं आणि टीव्हीने सोडलं

सुरुवात टीव्हीवर झाली नव्हती. मार्क थॉर्प नावाचे गृहस्थ जॉर्ज लुकास यांच्या कंपनीत चित्रपटांसाठी मॉडेल बनवायचे. त्यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबोट वॉर्स' ही पहिली स्पर्धा भरवली. गॅरेजमध्ये खुडबुड करणारे लोक आपापली यंत्रं घेऊन आले. १९९७ पर्यंत दरवर्षी ती भरली. मग थॉर्प आणि त्यांची भागीदार कंपनी यांच्यात कोर्टकचेरी सुरू झाली आणि तिथली स्पर्धा थांबली.

दरम्यान हेच नाव ब्रिटनमध्ये पोहोचलं होतं. १९९८ मध्ये बीबीसी टू वाहिनीवर 'रोबोट वॉर्स' सुरू झालं. बाप-लेक, शेजारी-मित्र, शाळेचे संघ, सगळे आपापली यंत्रं घेऊन यायचे. २००३ मध्ये कार्यक्रम चॅनल फाइव्हकडे गेला आणि २००४ मध्ये बंद पडला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्याच स्पर्धकांपैकी दोघांनी 'बॅटलबॉट्स' काढलं. २००० ते २००२ ते कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर चाललं. नाव वाचूनच कळतं बघा, ही विनोदी कार्यक्रमांची वाहिनी. यंत्र बनवणारा माणूस महिनोन्महिने राबायचा आणि पडद्यावर त्याच्या कामापेक्षा चुटक्यांना जास्त वेळ मिळायचा.

दहा-बारा वर्षांनी दुसरी लाट आली. बॅटलबॉट्स २०१५ मध्ये एबीसीवर परतलं आणि २०१८ पासून डिस्कव्हरीकडे गेलं. बीबीसीनेही २०१६ मध्ये रोबोट वॉर्स पुन्हा आणलं आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबवलं. डिस्कव्हरीवरचा शेवटचा मोठा हंगाम २०२३ मध्ये संपला. मधल्या काळात २०१८ मध्ये चीनमध्येही असे मोठे कार्यक्रम झाले. सगळीकडे साधारण एकच चाल: वाजतगाजत येणं, दोन-चार वर्षं गाजणं, मग शांतता.

असं का झालं?

पहिलं कारण पैशाचं. रिंगण, संरक्षक भिंत, कॅमेरे, विमा, सगळंच महाग. संघांचा खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून. त्यात चित्रीकरण थोड्या दिवसांत उरकायचं आणि भाग दाखवायचे महिन्यांनी. म्हणजे प्रेक्षक बघतो तेव्हा विजेता केव्हाच ठरलेला असतो. क्रिकेटची मॅच आपण निकाल लागून गेल्यावर किती उत्साहाने बघतो, सांगा बरं?

दुसरं कारण खुद्द विज्ञानातलं आहे आणि मला तेच सगळ्यात आवडलं. फिरणारं पातं हे या खेळातलं सगळ्यात जबरदस्त हत्यार. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. त्यामुळे जो तो जड पातं लावून ते जोरात फिरवायला लागला. शेवटी बॅटलबॉट्सला पात्याच्या टोकाचा वेग ताशी २५० मैलांवर, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरवर रोखावा लागला. अशा पात्यांमुळे काही लढती पहिल्या दणक्यालाच संपायच्या. नवख्याने वर्षभर राबून आणलेलं यंत्र अर्ध्या मिनिटात भंगार! बघणाऱ्याला मजा, पण तो नवखा पुढच्या वर्षी कशाच्या जोरावर येणार?

तिसरं कारण म्हणजे टीव्हीने खरा खेळ दाखवलाच नाही. लढत तीन मिनिटांची, पण दोन लढतींच्या मधल्या वेळात संघ वाकलेला सांगाडा सरळ करतो, जळालेली मोटार बदलतो, पुढचा प्रतिस्पर्धी बघून पुढचं चिलखत बदलतो. कधी कधी ज्याला हरवलं तोच संघ आपला स्पेअर पार्ट काढून देतो. खरी बुद्धी तिथे लागते. पडद्यावर मात्र त्याला दोन-चार वाक्यं मिळतात, कारण ठिणग्या उडत नाहीत.

चौथं कारण सगळ्यात मोठं. खेळ कुणाच्या मालकीचा होता? नाव एका कंपनीचं, रिंगण तिचं, नियम तिचे, प्रसारण एका वाहिनीचं. वाहिनीने हात काढला की सगळं खाली. आपल्या कबड्डीकडे बघा. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आली, पण त्याआधी कित्येक पिढ्या कबड्डी शाळेच्या मैदानात आणि गावातल्या मंडळांमध्ये खेळली जात होती. १९९० पासून ती आशियाई स्पर्धेत आहे. उद्या टीव्हीने कबड्डी दाखवणं बंद केलं तर कबड्डी मरेल का? रोबोट-लढतीचं उलटं झालं. मैदान तयार व्हायच्या आत वर झगमगाट आला. पाया कच्चा राहिला.

मग उरलं काय?

बरंच काही उरलं. फक्त ते आपल्याला टीव्हीवर दिसत नाही.

ब्रिटनमध्ये जुना कार्यक्रम बंद पडल्यावर यंत्र बनवणारेच एकत्र आले. त्यांच्या संघटनेने नियम आणि सुरक्षेची पद्धत सांभाळली, हॉलमध्ये प्रेक्षकांसमोर लढती चालू ठेवल्या. २०१६ मध्ये बीबीसी परत आली तेव्हा तिला तयार संघ मिळाले ते यांच्यामुळेच. अमेरिकेत २००४ पासून रोबोगेम्स या स्पर्धेत लढतीचा विभाग सुरू झाला. आज तिथे कनेक्टिकट राज्यातल्या नॉर्वॉक गावी एक लीग चालते. तिचे गट तीन: ३, १२ आणि ३० पौंड. टीव्ही वाहिनी नाही, लढती थेट इंटरनेटवर. मशीन लहान, त्यामुळे खर्च कमी आणि कॉलेजची पोरंही उतरू शकतात.

आणि आता शिक्षकांनी नीट वाचावं असं उदाहरण. बॅटलबॉट्सचा पहिला टीव्ही-काळ चालू असतानाच त्यांनी शाळांसाठी एक उपक्रम काढला होता, 'बॅटलबॉट्स आयक्यू' नावाचा. टीव्हीवरचा कार्यक्रम गेला, उपक्रम मात्र टिकला. पुढे अमेरिकेतल्या सुट्या भागांच्या कारखानदारांच्या संघटनेने तो पुढे नेला. आता तो नॅशनल रोबोटिक्स लीग म्हणून चालतो. माध्यमिक शाळेची मुलं १५ पौंडांचा रोबोट बनवतात आणि जवळचा कारखाना त्यांना लेथ, मिलिंग, वेल्डिंग समजावतो. कारखान्यांचा स्वार्थ आहेच, त्यांना उद्याचे कुशल कारागीर हवेत. असू दे. मुलांच्या हाताला काम आणि डोक्याला खाद्य मिळतंय ना?

ब्राझीलचं उदाहरणही असंच. रिओ द जानेरोच्या एका विद्यापीठात मार्को मेजिओलारो हे प्राध्यापक विद्यार्थ्यांसोबत 'रिओबॉट्झ' हा संघ चालवतात. त्यांचा 'मिनोटॉर' रोबोट बॅटलबॉट्समध्ये गाजला. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम वेगळं. लढाऊ रोबोट कसा बनवायचा, कोणता धातू, कोणती मोटार, कोणती बॅटरी, हे सगळं त्यांनी एका जाडजूड मार्गदर्शिकेत लिहून फुकट उपलब्ध करून दिलं. आपलं गुपित प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकलं म्हणा ना! खेळ अशानेच वाढतो. तालमीत वस्ताद डाव राखून ठेवायला लागला तर पुढचे पैलवान कुठून येणार?

आपल्याकडेही हे अगदीच परकं नाही. पवईला आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये डिसेंबरात होणाऱ्या रोबोवॉर्सला तुडुंब गर्दी असते. पुण्यात बालेवाडीला २०१४ मध्ये आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेची रोबोकॉन स्पर्धा झाली होती. तिच्यात फोडाफोडी नसते, दिलेलं काम पूर्ण करायचं असतं, पण कौशल्य तेच. अटल टिंकरिंग लॅबमुळे बऱ्याच शाळांत मोटारी आणि सेन्सरही आलेत. म्हणजे वर इंजिनिअरिंग कॉलेज आहे, खाली शाळेत सामान आहे. मधली शिडी तेवढी नाही.

पण मॅडम, ही मारामारीच ना?

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. मी त्यावर बराच विचार केला.

इथे कुणाला इजा करायची नसते, केली तर खेळच थांबतो. राग काढायला रिमोट हातात घेतलेला चालक हमखास हरतो, कारण लढत शांत डोक्याने चालवावी लागते. आणि एक गोष्ट वाचून मला आश्चर्य वाटलं. ब्रिटनच्या रोबोट वॉर्सचे अनेक वर्षांचे परीक्षक नोएल शार्की हे शेफिल्ड विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक. युद्धात माणसाच्या हुकमाशिवाय स्वतःहून गोळी झाडणारी यंत्रं बनवू नयेत, म्हणून जगभर चाललेल्या चळवळीतलं हे एक ठळक नाव! खेळातलं यंत्र आणि माणूस मारणारं यंत्र यातला फरक त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही. आपल्या मुलांशी हा फरक बोलायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं?

धोका मात्र खरा आहे, तो लपवणार नाही. फिरतं पातं बोट तोडू शकतं. लिथियम-पॉलिमर बॅटरीला मार बसला तर ती पेटते. त्यामुळे पात्याचे रोबोट शाळेत नकोतच. जाणकार माणूस आणि बंदिस्त रिंगण असल्याशिवाय कॉलेजातही नकोत. मुलाने व्हिडिओ बघून घरी पंख्याची मोटार उघडायला घेतली असेल तर आधी प्लग काढा आणि मग त्याच्याशेजारी बसा.

शाळेत काय करता येईल?

मी या सत्रात आठवी-नववीच्या मुलांसोबत हे करून बघतेय. हवं तर तुम्हीही करा.

१. हत्यार नको, ढकलाढकली ठेवा. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ आखा. जो रोबोट समोरच्याला बाहेर ढकलेल तो जिंकला.

२. सामान साधं. सनबोर्डचा सांगाडा, दोन पिवळ्या बीओ मोटारी, दोन चाकं, चार पेन्सिल सेल आणि वायरवर चालवायला दोन डीपीडीटी स्विच. प्रोग्रॅमिंग नको, रिमोट नको.

३. वजनाची मर्यादा कडक ठेवा, समजा अर्धा किलो. किराणा दुकानातला काटा चालतो. मर्यादा असली की मुलं आपोआप विचार करतात: वजन पुढे ठेवू की मागे? खाली ठेवू की वर?

४. आधी पुस्तक, मग लढत. 'साधी यंत्रे' या धड्यातली पाचर म्हणजे समोरच्याच्या खाली घुसणारा रोबोट. तरफ म्हणजे उलटवणारा. ब्रिटनमध्ये 'केऑस टू' नावाच्या रोबोटने गॅसच्या दाबाने उघडणाऱ्या अशा तरफेवरच लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवलं होतं.

५. पात्याचं गणित कागदावर सोडवा. पातं मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. त्याला एकच दात आहे. रोबोट सेकंदाला ५ मीटर वेगाने चालून येतोय. मग दोन घावांच्या मध्ये तो किती पुढे येतो? १० सेंटिमीटर. आता पात्याला दोन दात लावा, किंवा वेग दुप्पट करा. फक्त ५ सेंटिमीटर! म्हणजे पातं जास्त जोरात फिरलं की दात खोल शिरतच नाही, नुसता घासून जातो. 'जास्त वेग म्हणजे जास्त मार' हा मुलांचा समज इथे मोडतो, आणि समज मोडताना वर्गात जी शांतता पसरते ती मला फार आवडते.

६. गुण लढतीला अर्धे, वहीला अर्धे. काय बिघडलं, का बिघडलं, काय बदललं, हे प्रत्येक संघाने लिहायचं. हरलेल्या संघाची वही चांगली असेल तर तो पहिला येऊ शकतो. हे मुलांना आधीच सांगा.

आमच्या पहिल्या फेरीत एका गटाचा रोबोट लढत सुरू होताच जागच्या जागी गोल फिरायला लागला. सगळा वर्ग हसला. एका मोटारीच्या वायरी उलट जोडल्या होत्या. त्या गटातल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला होता, पण आवरला. दहा मिनिटांनी तिने स्वतःच दोष शोधला. दुसरी लढतही हरली, पण सरळ चालून हरली. वहीत तिने लिहिलं: 'जोडण्याआधी एकेक मोटार वेगळी चालवून बघायची.' तयार किटच्या डब्यातून, पान क्रमांक बघत जोडलेल्या रोबोटने तिला हे शिकवलं नसतं, कारण तो डबा मुलांना चुकूच देत नाही.

शेवटी

टीव्हीवर हा खेळ परत येईल का? कदाचित येईलही. मोठ्या रोबोटचा तो जत्रेसारखा सोहळा लोकांना आवडतोच. पण त्याच्या भरवशावर राहू नये. आधी छोटे वजनगट हवेत, सगळीकडे सारखे नियम हवेत, वाहिनीच्या पगारावर नसलेले पंच हवेत आणि गावोगावी थोडी मुलं हवीत. हे झालं की कॅमेरा आपण होऊन शोधत येईल. नाही आला तरी दीडशे ग्रॅमच्या रोबोटचं काही अडणार नाही.

त्या वडिलांना मी फोन केला. म्हटलं, "दादा, तो व्हिडिओ बघतो तेव्हा एकदा शेजारी बसा आणि एवढंच विचारा, 'हा का हरला रे?' त्याला उत्तर देता आलं नाही तर मोबाईल खुशाल काढून घ्या."

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तासभर बोलत होता. आता म्हणतो मला दोन मोटारी आणून द्या. कुठे मिळतात हो?"

तुमच्या शाळेत असं काही चालू असेल तर जरूर कळवा. आणि पालकहो, आज घरी हा प्रश्न विचारून बघा.